सेरेब्रल पाल्सी : स्नायूंवरील ताबा आणि मुलांचे चालणे

मूल वर्षाचे झाले तरी बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी उभे राहत नाही, उभे केलेच तर चवड्यांवर उभे राहते आणि त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अशी तक्रार घेऊन पालक डॉक्टरांकडे जातात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच समजूत असते : मुलाच्या पायांत जोर नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात या विकाराविषयीचे गैरसमज या समजुतीपासूनच सुरू होतात. या मुलांचे पाय जन्मतः निरोगी असतात. हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या जडणघडणीत आरंभी कोणताही दोष नसतो. बिघाड असतो तो पायांना आज्ञा देणाऱ्या मेंदूत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मुलावर कोणते उपचार करावेत, कोणते टाळावेत आणि आईवडिलांनी आपला वेळ, पैसा व आशा कोठे गुंतवावी, हे त्यावर ठरते.

मेंदूची वाढ होत असतानाच्या काळात, म्हणजे गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांत जे कायमचे दोष राहतात, त्या सर्वांना मिळून सेरेब्रल पाल्सी असे म्हणतात. हा एक रोग नसून अनेक अवस्थांचा समूह आहे. जगभरातील पाहण्यांनुसार जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे सुमारे दोन ते तीन बालकांना हा विकार असतो. तो संसर्गजन्य नाही, आणि मेंदूतील मूळ इजा पुढे वाढत जात नाही.

पोलिओहून वेगळा विकार

महाराष्ट्रात गेल्या दोन पिढ्यांतील लोकांनी लंगडणारे मूल पाहिले ते प्रामुख्याने पोलिओचे. त्यामुळे चालता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला 'पोलिओ झाला' असे म्हणण्याची सवय ग्रामीण भागात दीर्घकाळ टिकून राहिली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. मुलांमधील शारीरिक अपंगत्वाच्या कारणांत सेरेब्रल पाल्सीचे स्थान आता ठळकपणे पुढे आले आहे.

दोन्ही विकारांचे स्वरूप जवळजवळ परस्परविरुद्ध आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना थेट हलवतात त्यांचाच नाश करतो. त्यामुळे पाय लुळा पडतो, बारीक होतो. सेरेब्रल पाल्सीत मज्जारज्जू शाबूत असतो, पण त्यावर अंकुश ठेवणारा वरचा अधिकारी गैरहजर असतो. परिणामी बहुसंख्य मुलांत स्नायू लुळे न पडता उलट ताठ होतात.

हे कसे घडते ते थोडक्यात पाहू. प्रत्येक स्नायूत ताणाची नोंद घेणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला सूचना देतात आणि स्नायू आपोआप आखडतो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच यंत्रणेमुळे. निरोगी माणसात मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेला सतत आवर घालत असतो. मेंदूकडून येणारा हा आवर सुटला की स्नायू थोड्याशा ताणालाही जोराने आखडतो, आणि ताण जितका वेगाने दिला जाईल तितका अधिक आखडतो. म्हणूनच अशा मुलाचा पाय हळूहळू सरळ केला तर होतो, घाईने केला तर अडतो. कपडे बदलताना आईला हे रोज जाणवते; त्याला वैद्यकशास्त्रात 'स्पास्टिसिटी', मराठीत ताठरपणा म्हणतात.

ताठरपणा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. प्रत्यक्षात त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. चालताना पोटरीचा स्नायू आखडतो त्या वेळी नडगीच्या पुढचा स्नायू सैल पडावा लागतो, आणि पुढच्याच क्षणी उलट व्हावे लागते. गुडघा, खुबा, कंबर या सर्वांत अशी देवघेव एका पावलात अनेकदा होते. सेरेब्रल पाल्सीत ही वाटणी बिघडते. समोरासमोरचे दोन्ही स्नायू एकाच वेळी आखडतात, किंवा घोटा उचलू पाहता सबंध पायच उचलला जातो. एकेक स्नायू वेगळा वापरण्याची ही क्षमता कमी असणे आणि ताठरपणाच्या आड दडलेला अशक्तपणा, या दोन गोष्टी मुलाच्या चालण्यावर ताठरपणाइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक परिणाम करतात. केवळ स्नायू सैल करणारे औषध दिल्याने मूल चालू लागत नाही, याचे कारण हेच.

इजा मेंदूत कोठे, तसा परिणाम

सुमारे ऐंशी टक्के मुलांत ताठर प्रकार आढळतो. शरीराच्या एकाच बाजूचा हात व पाय बाधित असेल तर मूल बहुधा चालते, मात्र थोडे उशिरा आणि एका चवड्यावर. दोन्ही पाय अधिक आणि हात कमी बाधित असतील तर ते बऱ्याचदा अपुऱ्या दिवसांचे बाळ असते. याचे कारण शरीररचनेत आहे : पायांकडे जाणारे चेतातंतू मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या अगदी लगतच्या भागातून जातात, आणि अकाली जन्मलेल्या बाळात नेमका हाच भाग सर्वाधिक नाजूक असतो. चारही हातपाय बाधित असतील तर चालण्याची शक्यता कमी होते आणि गिळणे, बोलणे, दृष्टी यांच्याही अडचणी असू शकतात.

दुसऱ्या एका प्रकारात स्नायू ताठ न राहता सतत बदलत राहतात. हात, मान, चेहरा यांच्या अनिच्छ हालचाली होतात. नवजात बाळाची तीव्र कावीळ वेळीच न उतरवल्यास मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना इजा होऊन हा प्रकार उद्भवतो. तो बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच तो आजही दिसतो याची खंत अधिक वाटते. या मुलांची बुद्धी पुष्कळदा उत्तम असते, पण वेडेवाकडे तोंड आणि अस्पष्ट उच्चार पाहून लोक त्यांना मतिमंद ठरवून मोकळे होतात. तोल आणि अंदाज बिघडणारा तिसरा प्रकार तुलनेने विरळा.

या विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन इंग्लंडमधील शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी केले. लिटल स्वतः पायाच्या व्यंगाने त्रस्त होते आणि जर्मनीत शस्त्रक्रिया करून घेऊन बरे झाले होते. १८६१ मध्ये त्यांनी मुलांमधील ताठरपणाचा संबंध कठीण प्रसूतीशी जोडला. पुढे बराच काळ हा विकार 'लिटलचा रोग' म्हणूनच ओळखला गेला. मनोविश्लेषणामुळे प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे आरंभी चेतातज्ज्ञ होते. कठीण प्रसूती हे कारण नसून गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचा तो परिणाम असू शकेल, अशी शंका त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. आजच्या संशोधनाने ती बऱ्याच अंशी खरी ठरवली आहे. 'बाळ जन्मताच रडले नाही' हे एकच कारण प्रत्येक मुलाला लागू पडत नाही; अकाली जन्म, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, मेंदूच्या जडणघडणीतील दोष, रक्तपुरवठ्यातील अडथळा अशी अनेक कारणे असतात. आपल्याकडे अशा मुलाच्या आईला घरातून दोष दिला जातो, त्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही.

वाढ हीच अडचण

मेंदूतील इजा वाढत नाही हे खरे. पण मुलाचे शरीर वाढते, आणि चालण्याचे प्रश्न वयाबरोबर बदलतात ते यामुळेच. हाड लांब होत असताना स्नायूनेही लांब व्हावे यासाठी तो रोज सैल पडणे आणि ताणला जाणे आवश्यक असते. निरोगी मुलात धावण्याखेळण्यातून हे आपोआप होते. ताठर स्नायूला ही संधी मिळत नाही. तो हाडाच्या मागे पडतो आणि काही वर्षांनी खरोखरच आखूड होतो. आधी हाताने सरळ करता येणारी टाच मग जमिनीला टेकेनाशी होते. मांडीच्या आतील स्नायूंच्या ओढीने आणि पायांवर पुरेसे उभे न राहिल्याने खुब्याचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत असे होते, आणि न चालणाऱ्या मुलांत त्याचे प्रमाण फारच मोठे असते. आरंभी ते दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. यासाठी ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढणे हा उपचारांचा अनिवार्य भाग मानला जातो. आपल्याकडे या एका साध्या तपासणीची जितकी हेळसांड होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल.

किशोरवयात आणखी एक वळण येते. अशा मुलांना चालण्यासाठी इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक शक्ती खर्चावी लागते. उंची आणि वजन वाढते, स्नायूंचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही, गुडघे वाकू लागतात. सातव्या वर्षी वॉकर घेऊन वर्गात जाणारे मूल चौदाव्या वर्षी चाकांची खुर्ची मागते. पालकांना ही पीछेहाट वाटते, 'व्यायाम सोडला म्हणून असे झाले' असे त्यांना वाटते. वस्तुतः ते बहुधा शरीराचे गणित असते.

'माझे मूल चालेल का?'

या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा स्पष्ट उत्तर देता येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या निश्चित केल्या. पहिल्या पातळीवरील मूल निर्वेध चालते, धावताना व उड्या मारताना कमी पडते; दुसऱ्या पातळीवरील मुलाला जिना चढताना कठडा लागतो; तिसऱ्या पातळीवर हातात वॉकर किंवा कुबड्या लागतात; चौथ्या पातळीवर मूल मुख्यतः चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असते; पाचव्या पातळीवर मान सावरणेही कठीण जाते. पुढे २००२ मध्ये ओंटारिओ प्रांतातील ६५७ मुलांच्या पाहणीवरून असे दिसले की मुले आपल्या हालचालींच्या क्षमतेचा सुमारे नव्वद टक्के पल्ला पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच गाठतात, आणि विकार जितका तीव्र तितका हा पल्ला लवकर संपतो. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेले मूल बहुधा पुढे चालते, हा जुना आडाखाही उपयुक्त आहे.

याचा अर्थ पाच वर्षांनंतर काही करू नये असा मुळीच नाही. परंतु दहा वर्षांच्या चौथ्या पातळीवरील मुलाला 'अजून थोडे उपचार केले की चालेल' असे सांगून शाळेपासून दूर ठेवणे, हे त्याचे नुकसान करणे होय.

लवकर ओळखण्याची गरज

मेंदूची घडण पहिल्या दोन वर्षांत सर्वांत लवचीक असते, म्हणून विकार जितका लवकर ओळखला जाईल तितके चांगले. चार महिन्यांनंतरही मान न धरणे, मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणे, नऊ महिन्यांपर्यंत न बसणे, पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरणे ही लक्षणे तज्ज्ञांना दाखवावीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या स्वाभाविक चुळबुळीचे चित्रीकरण पाहून प्रशिक्षित तज्ज्ञ धोका ओळखू शकतात. त्यास लागते ते फक्त प्रशिक्षण आणि एक कॅमेरा.

सार्वजनिक व्यवस्थेत यासाठी मार्ग आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके अंगणवाड्यांना आणि शाळांना भेट देतात आणि विकासातील विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. प्रश्न उरतो अंतराचा. नवग्रह यात्रेमुळे महाराष्ट्रातील भाविकांना परिचित असलेले, कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे गाव घेतले तरी तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय तेथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. मेळघाट किंवा अक्कलकुवा येथील पालकांना तर हे अंतर फारच जवळचे वाटेल. आठवड्यातून तीनदा मुलाला कडेवर घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे घरातील एका माणसाची मजुरी बुडते. याच कारणासाठी तमिळनाडूतील आयीकुडी येथील अमर सेवा संगमने निराळी पद्धत अवलंबिली. पाठीच्या कण्याला इजा होऊन स्वतः अपंग झालेल्या एस. रामकृष्णन यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे गावपातळीवरील कार्यकर्ते घरी जाऊन आईला व्यायाम शिकवतात, आणि मोबाइलवरील नोंदींच्या आधारे तज्ज्ञ त्यांना मार्गदर्शन करतात.

उपचार : काय लाभते, काय नाही

फिजिओथेरपी हा उपचारांचा कणा आहे, पण तिची संकल्पना बदलली आहे. मुलाला आडवे झोपवून दुसऱ्याने त्याचे हातपाय हलवणे यापेक्षा, मुलाने स्वतः प्रयत्न करून एखादे ठरावीक काम शिकणे अधिक परिणामकारक ठरते : पाटावरून उठणे, पायरी चढणे, वॉकर घेऊन दारापर्यंत जाणे. मेंदू शिकतो तो करण्यातून. तेलाच्या मालिशीने मुलाला बरे वाटते, आईचा हात लागतो, त्यात गैर काही नाही. स्नायूंवरील ताबा मात्र मालिशीने येत नाही, आणि आखडलेला पाय जोराने ओढणारी मालिश अपायकारक ठरू शकते.

घोटा योग्य कोनात राहावा म्हणून प्लॅस्टिकचे हलके स्प्लिंट बुटाच्या आत घालतात. ठरावीक स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी बोट्युलिनम या द्रव्याची इंजेक्शने १९९० च्या दशकापासून वापरली जातात. त्यांचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. त्या मुदतीत व्यायाम केला नाही तर खर्च वाया जातो. निवडक मुलांमध्ये मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संवेदी चेतातंतूंपैकी काही कापण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

अस्थिशल्यक्रियेच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा आहे. पूर्वी यंदा टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्यानंतर खुबा असे करत मुलाचा जवळजवळ प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात जात असे. टोरँटोचे शल्यविशारद मर्सर रँग यांनी याला 'बर्थडे सिंड्रोम' असे मार्मिक नाव दिले. आता संपूर्ण चालीचे विश्लेषण करून आवश्यक त्या सर्व दुरुस्त्या एकाच वेळी, बहुधा सहा-सात वर्षांनंतर करण्याकडे कल आहे. दोन्ही पाय बाधित असलेल्या लहान मुलाची केवळ टाचेची शीर लांबवली तर टाच टेकते, पण काही वर्षांनी गुडघे वाकून मूल बसत बसत चालू लागते. पालकांनी अशा सल्ल्यावर दुसरे मत अवश्य घ्यावे.

आणि ज्यांच्यापासून सावध राहावे असे उपचार. उच्च दाबाच्या कक्षात प्राणवायू देण्याचा उपचार कॅनडातील १११ मुलांवर तपासण्यात आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार किंचित दाबाखालील साधी हवा मिळालेल्या मुलांत आणि प्राणवायू मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही. मूलपेशींच्या उपचारांसाठी पालक दागिने मोडतात, जमिनी विकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांत मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले गेले, की उत्तर मिळाले असे समजावे.

प्रतिबंधाच्या बाबतीतही परदेशी उपाय जसाच्या तसा उचलता येत नाही. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत लाभदायक ठरला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र थंड ठेवलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. अकाली प्रसूतीपूर्वी आईला मॅग्नेशियम सल्फेट देणे आणि काविळीवर वेळीच प्रकाशोपचार करणे हे उपाय मात्र आपल्या आवाक्यातील आहेत.

मुंबईतील दोन माता

महाराष्ट्रात या क्षेत्राचा पाया पालकांनी घातला. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. १९५५ मध्ये केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईतच सुरू झाली. हाजी अली परिसर राज्यभरातील अपंगांना ठाऊक झाला तो अशा संस्थांमुळे.

सेरेब्रल पाल्सीसाठी मात्र स्वतंत्र शाळा नव्हती. मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब यांचा जन्म १९६६ चा. या मुलीसाठी काही करता येणार नाही असे कुटुंबाला सांगण्यात आले होते. इंग्लंडमध्ये मुलीच्या बुद्धीची खरी ओळख पटली, तिला शिक्षण मिळाले. परतल्यावर मुंबईत तिला घेणारी शाळा मिळेना. तेव्हा मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली देणारी ही पद्धत पुढे इतर शहरांत गेली. आता ही संस्था 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते.

मालिनी चिब स्वतंत्रपणे चालू लागल्या नाहीत. त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून 'वन लिट्ल फिंगर' हे आत्मकथन लिहिले. त्यांचा वेग वाढला तो विजेवर चालणारी खुर्ची मिळाल्यावर. त्यांना समाजाशी बोलता आले ते यंत्राच्या साहाय्याने. त्यांच्या बालपणी सर्व भर पायांवरच दिला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न येथे अप्रस्तुत नाही.

हक्क आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश असून चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयोगटातील मुलांना जवळच्या किंवा त्यांच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव ठेवणे बंधनकारक आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेखाली वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात फिजिओथेरपीसारख्या नियमित उपचारांचाही समावेश आहे. या सवलतींसाठी यूडीआयडी हे ओळखपत्र काढून ठेवावे. मूल मोठे होऊन चालू लागेल या आशेवर अनेक पालक हे पत्र वर्षानुवर्षे काढत नाहीत. त्यामुळे विमा, शिष्यवृत्ती आणि परीक्षेतील जादा वेळ या तिन्ही गोष्टींना मूल मुकते.

अठरा वर्षांनंतर बालरोग विभागाचे दार बंद होते. मोठ्या माणसांच्या दवाखान्यात या विकाराची माहिती असलेले डॉक्टर कमी, आणि नेमक्या याच वयात पाठदुखी, सांध्यांची झीज व थकवा सुरू होतो. मुलाच्या सर्व एक्स-रे, शस्त्रक्रियांच्या नोंदी आणि औषधांची यादी एका फाइलमध्ये जपून ती त्याच्या स्वाधीन करणे, हे काम पालकांनी अठरावे वर्ष लागण्यापूर्वीच करावे.